लक्ष्मण उठेपर्यंत

"रंगा, लक्ष्मण पडलेलाच आहे."

मोरखिंडीचा चढ संपवून दादा सायकलवरून उतरले, हँडलवर दोन्ही हात टेकून उभे राहिले, आणि श्वास पुरता जमायच्या आतच हे बोलले. मी त्यांच्या मागून पायीच येत होतो. शेवटच्या वळणांवर माझ्याच्यानं पायडल मारवेना. कॅरियरवर गोधडीत गुंडाळलेली पेटी, पेटीवर कपड्यांची वळकटी, आणि ते सगळं ढकलत वर आलो तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. आधी वाटलं, रस्त्याकडेला कुणी माणूस पडलाय. मी करवंदीच्या जाळीत डोकावून बघितलंसुद्धा.

"कोण पडलाय?"

"लक्ष्मण. काल पाडला, तो तसाच आहे." त्यांनी पूर्वेकडं मान वळवली. ऊन गडांच्या रांगेवरून खाली उतरून समोरच्या द्राक्षांच्या मांडवांवर पसरलं होतं. "आणि सूर्य तर उगवला."

मग माझ्या ध्यानात आलं, आणि मी हँडल घट्ट धरलं. रामरायाला भिऊन नव्हे. आता दादा सायकल माघारी वळवणार, या भीतीनं.

आम्ही दोघे भाऊ कीर्तनकार. खरं म्हणजे कीर्तनकार एकटे दादाच, त्र्यंबकबुवा. मी पेटीवर. वडिलांची गादी दादांनी चालवली आणि वडिलांची पेटी माझ्याकडं आली. चैत्र लागला की आम्ही सायकली काढायचो आणि त्या डोंगराळ मुलखातून गावोगाव फिरायचो. एका अंगाला गडकिल्ल्यांची रांग, मध्ये सागाचं आणि मोहाचं रान, आणि खाली सपाटीला जिकडं बघावं तिकडं द्राक्षबागा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय सुखाची भ्रमंती आहे. आमच्या मांड्यांना विचारा म्हणावं. त्या मुलखात उतार असा नाहीच. एक चढ संपला की पुढचा चढ दिसावा म्हणून देवानं मध्ये जरा उतरण ठेवलीय, एवढंच.

आदल्या दिवशी आम्ही पळसदऱ्यात होतो. पाखरगडाच्या पायथ्याचं गाव. खुडणीचे दिवस, माणसं पहाटे बागेत जाणार, म्हणून कीर्तन दुपार कलल्यावर मारुतीच्या देवळात ठेवलं होतं. पूर्वरंग झाला, नामाचा गजर झाला, आणि उत्तररंगाला दादांनी लक्ष्मणशक्तीचं आख्यान लावलं. शक्ती सुटली, लक्ष्मण कोसळला, रामानं त्याचं मस्तक मांडीवर घेतलं. बायांनी डोळ्यांना पदर लावले. दादांनी विलापाचं पद उचललं आणि मी पेटीवर काळी दोनचा सूर धरला, तोच बाहेरून हाक आली. गडाच्या उतारावर वणवा लागलाय आणि वारं बागांकडं आहे.

क्षणात देऊळ मोकळं झालं. पुरुष ओल्या फांद्या तोडून वर धावले. धूर खाली येऊन दादांना खोकल्याची उबळ आली, तेव्हा आमचे यजमान यशवंतराव बोरस्ते यांच्या घरधनिणीनं आम्हाला जवळजवळ ओढतच दूर मळ्यातल्या घरी नेलं. अंधार पडता पडता बोरस्ते आले. तोंड काळं, भुवया जळालेल्या. वणवा विझला होता, बागा वाचल्या होत्या. आता कुणाच्या अंगात बसून ऐकायचं त्राण नाही, असं म्हणाले आणि ताटावरच पेंगले. पहाटे आम्ही निघालो.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. लक्ष्मण पडलेला असताना आख्यान थांबवायचं नसतं. घरी पोथी वाचणारी बाईसुद्धा त्या पानावर पोथी बांधत नाही. कितीही रात्र होवो, मारुती द्रोणागिरी घेऊन येईतो वाचते, लक्ष्मणाला उठवते, मग दिवा शांत करते. आमचे वडील तर शक्ती सुटल्यावर पाण्याचा घोट घेत नसत. सूर्योदयाच्या आत औषध यायला हवं, नाहीतर खेळ संपला, असं आख्यान. आणि आम्ही मात्र वणव्याच्या धांदलीत त्याला रणात टाकून, बोरस्त्यांकडची बाजरीची भाकरी खाऊन, झोपून, उठून, डोंगर चढून आलो होतो.

"दादा," मी म्हटलं, "इथंच उठवा. मी पेटी सोडतो. डोंगर आहे, झाडं आहेत, देव काय देवळातच असतो?"

"देवाला ठाऊकच आहे रे, लक्ष्मण उठला ते. त्या लोकांना सांगायचं राहिलंय."

लोक वणवा विझवून अर्धमेले झालेत, मी म्हणालो. आज खुडणी आहे, बागेत टेम्पो लागलेला असणार, ऐकायला काळं कुत्रं यायचं नाही. दादा म्हणाले, एक जण बसला तरी भागेल. एकही नाही बसला तर? तर मारुती आहे, म्हणाले, त्याला तर आपण अर्ध्या वाटेत आकाशात टांगून ठेवलाय. हे बोलताना ते हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही.

कारण त्या संध्याकाळी आम्हाला दुसरीकडं उभं राहायचं होतं, आणि त्यावर आमचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

खिंडीपलीकडं, नाशिकच्या वाटेवर एक मोठं संस्थान आहे. नाव घेत नाही. तिथं कायमचा कीर्तनकार हवा होता. देवळामागं राहायला दोन खोल्या, देवाच्या स्वयंपाकघरातून दोन्ही वेळचं जेवण, रोज संध्याकाळी एक कीर्तन, आणि जन्मभर सायकलीला हात लावायची गरज नाही. त्या संध्याकाळी विश्वस्तांसमोर एकदा कीर्तन करायचं आणि तिथंच मुक्काम टाकायचा, असं ठरलं होतं. दुसरे एक बुवा दारात तयारच होते. आम्ही पोचलो नाही तर जागा त्यांची.

अट एकच होती. भक्तमंडळी बसनं येतात, बसनं जातात, तेव्हा सगळं चाळीस मिनिटांत आटपायचं. तिथले व्यवस्थापक फार गोड बोलत. म्हणाले, "बुवा, शोक थोडा आवरता घ्या. लक्ष्मण पडला की लगेच उठला पाहिजे." मला वाटलं, आता दादा उठून चालू लागणार. विलापाचं एक पद तासभर आळवणारा हा माणूस. पण दादा नुसतं "बरं" म्हणाले. परतताना मी विचारलं, तर म्हणाले, माणसानं कधीतरी छपराखाली यावं.

मला वाटलं, दमले. आणि दमले असले तर त्यात वावगं काय होतं? दोन वर्षं झाली होती, रात्री त्यांच्या छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा. चढावर मध्येच थांबायचे आणि गडाकडं बोट दाखवून काहीतरी इतिहास सांगायचे, म्हणजे मला वाटावं की थांबले ते इतिहासासाठी. मी सगळं ओळखून होतो. ती जागा त्यांना मिळावी म्हणून मी त्या चैत्रात किती देवांना साकडं घातलं असेल, त्या देवांनाच ठाऊक. आणि मला स्वतःला ती नको होती असंही नाही. फार हवी होती. नुसत्या दोन खोल्या डोळ्यांपुढं आल्या तरी माझे पाय सैल पडायचे.

"उठवतो आणि लगेच निघू," दादा म्हणाले. "बोरस्त्यांचा द्राक्षांचा टेम्पो दुपारी नाशिकला जातो. सायकली वर टाकू. दिवेलागणीला संस्थानात."

माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी टांग टाकली. मी वळकटीची दोरी आवळता आवळता बरंच काही बोललो. रामाबद्दल, लक्ष्मणाबद्दल आणि थोरल्या भावांबद्दल. ऐकायला करवंदीच होत्या. मग मीही निघालो.

उतार होता, पण त्या उताराचं सुख काही लागलं नाही. ब्रेकची रबरं झिजलेली, मागचं ओझं पुढं ढकलायचं, आणि प्रत्येक वळणाला मनात येई की हे सगळं पुन्हा चढायचं आहे. रानात पळसाची फुलं गळून रस्ता लाल झाला होता. खाली येऊ लागलो तसा जळक्याचा वास आला. पाखरगडाचा अर्धा उतार काळाठिक्कर पडला होता आणि तो काळा पट्टा थेट बागांच्या कुंपणाशी येऊन थांबला होता. थांबला कसला, थांबवला होता. पुढं दादांची पाठ दिसत होती. वाऱ्यानं अंगरखा फुगलेला. वरून येताना तरुण दिसत होते. पुढं सपाटी लागली आणि पायडल मारायची वेळ आली तसे पुन्हा म्हातारे झाले.

देवळात एक ठकूमाय तेवढी होती. आदल्या दिवशी तिला बघितलं होतं, खांबाला टेकून बसलेली. सत्तरीची असेल. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, बोरस्त्यांच्या बागेत वेलींची विरळणी करून पोट भरायची आणि देवळाची झाडलोट हौसेनं करायची. रात्रभर उडून आलेली राख ती ओल्या फडक्यानं पुसत होती.

आम्हाला बघून तिनं विचारलं, "बुवा, काई राह्यलं का?"

"राहिलंय, माय," दादा पायरीवर बसत म्हणाले. "लक्ष्मण राहिलाय. चार माणसं गोळा करता आली तर बघा. त्याला उठवतो आणि निघतो."

ठकूमायनं फडकं पिळलं. "लक्ष्मण? तो तर कालच उठला की."

दादांनी माझ्याकडं बघितलं. मी दादांकडं.

"कुणी उठवला?"

आता ठकूमाय लाजली. फडकं पुन्हा बादलीत बुडवलं, पुन्हा पिळलं. मग एकेक शब्द ओढून काढावा तसं तिच्याकडून जे कळलं ते असं. पुरुष वर गेले, आम्ही मळ्यात गेलो, आणि देवळात उरल्या त्या लेकुरवाळ्या आणि म्हाताऱ्या. धुरात वरचं काही दिसेना. कुणाचा धनी वर, कुणाचा भाऊ वर. एकीनं रडायला सुरुवात केली तशा सगळ्याच रडायला लागल्या. ठकूमायच्या मनात आलं, ही रडारड होणारच, लक्ष्मण अजून पडलाय ना. इथं तो पडलेला आणि तिथं आपली माणसं आगीत. हे काही बरं नाही. म्हणून तिनं पुढचं सांगायला घेतलं. बसून सांगवेना म्हणून उभी राहिली.

"चुकलं असंल," ती म्हणाली. "पन पडल्याला कसा ठेवायचा, बुवा?"

मी मनात म्हटलं, झालं. खिंड उतरून आलो, ती एवढं ऐकायला. काम तर कालच उरकलंय. पण मला बरंही वाटलं. म्हणजे आता थांबायचं कारण नाही, टेम्पो मिळणार. मी दादांना तसं सुचवणार होतो. पण दादा पायरीवरून उठून आत गेले होते आणि फरशीवर, जिथं काल बाया बसल्या होत्या तिथं, मांडी घालून बसले होते.

"माय, मला सांगा."

"काय?"

"लक्ष्मण कसा उठला ते. मी नव्हतो."

ठकूमायनं पुष्कळ आढेवेढे घेतले. तुमच्यापुढं मी काय तोंड उघडू, म्हणाली. सूर्याला काडी लावून दाखवायची का, म्हणाली. मग कामं आहेत म्हणाली. दादा हललेच नाहीत. एवढ्यात पाणी भरायला आलेल्या दोघी-तिघी हंडे ठेवून दारात टेकल्या. त्यातली एक म्हणाली, "सांग गं माय, काल मला नीट ऐकू नाही आलं, पोरगं रडत व्हतं." अशी ठकूमाय उभी राहिली. दादा काल जिथं उभे होते तिथं नाही, जरा बाजूला, खांबाचा आधार घेऊन.

तिला सूर मिळावा म्हणून मी पेटी सोडली आणि हलकेच षड्ज धरला. ठकूमाय दोन वाक्यं बोलली आणि थांबली.

"ए बाबा, ते बंद कर. माझा गोंधळ उडतो."

दारातल्या बाया हसल्या. मी भाता मिटला. जन्मात पहिल्यांदाच कीर्तनाच्या वेळी माझे हात रिकामे होते. त्यांचं काय करावं कळेना, म्हणून मीही दादांच्या शेजारी जाऊन बसलो.

ठकूमायचं आख्यान आमच्या वडिलांनी ऐकलं असतं तर कानांवर हात ठेवले असते. तिच्या रामानं विलाप केलाच नाही. तो लक्ष्मणाला म्हणाला, "ऊठ बरं, असं नको करू. मी घरी एकटा कोणत्या तोंडानं जाऊ?" एवढंच, आणि मग त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. तिचा मारुती हिमालयात गेलाच नाही. एवढ्या लांब जायला वेळ होता कुठं, म्हणाली. तो गेला पाखरगडावर. तिथं वणवा लागलेला. धुरात औषध कोणतं आणि गवत कोणतं कळेना, म्हणून त्यानं गडाचा शेंडाच उपटला, जळता तसाच, आणि तळहातावर घेऊन आला. त्यानं तो खाली ठेवला तेव्हा रामानं आधी औषध बघितलं नाही. आधी त्याचा हात उलटा करून बघितला, भाजला का म्हणून.

हे सांगताना तिनं स्वतःचा हात उलटा केला. वेलींच्या कामानं काळा पडलेला, चिरा गेलेला हात. माझ्या शेजारी दादांच्या छातीतली शिट्टी थांबली होती. त्यांनी श्वास रोखून धरला होता.

"मंग लक्ष्मण उठला," ठकूमाय म्हणाली. "आनि तो उठला तसे रणात पडल्याले समदे उठले. यशवंता उठला. निवृत्ती उठला. कारभाऱ्याचा बाळू उठला."

वणव्यावर गेलेल्या एकेका पुरुषाचं नाव तिनं घेतलं. काल तशीच घेतली होती. ज्याचं नाव निघे त्याच्या घरची बाई मान वर करायची, असं दारातली एक सांगत होती, आणि ती सांगतानाच तिचा स्वतःचा नवरा ठकूमायच्या तोंडून उठला तेव्हा ती पुन्हा एकदा रडली. तो आता बागेत घड खुडत होता, धडधाकट. तरी रडली.

"समदे?" दादांनी विचारलं.

"समदे. मी कुनाला पडल्यालं ठेवते व्हय?"

मग तिला पुढं काय करायचं कळेना. आरती म्हणावी की नुसतं बसावं, अशी घुटमळली. दादा उठले, खाली वाकले आणि त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ठकूमाय खांबामागं सरकली. "बुवा, हे काय करता? मी उघड्या कपाळाची बाई."

"आख्यान सांगून झालं की पाया पडून घ्यावेच लागतात, माय. सुटका नाही. मी जन्मभर तेच करत आलोय."

दादा वाकले ते वाकलेलेच राहिले. मला वाटलं, भाव दाटून आलाय. ठकूमायला माझ्याहून जास्त कळत होतं. तिनं त्यांच्या दंडाला धरलं, उठायला मदत केली, आणि आता तिच्या बोलण्यातला बुवा गेला होता.

"लई दमलास रे बाबा. चल, जेव चार घास आन् नीज."

आजवर हे त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. मी नाही, वहिनींनी त्यांच्या हयातीत नाही, गावोगावच्या यजमानांनी तर नाहीच. कीर्तनकाराला लोक सुरेख झालं म्हणतात. दमलास म्हणत नाहीत. दादांनी मान तेवढी हलवली, एखाद्या पोरानं हलवावी तशी.

तिनं पिठलं-भाकरी आणली. जेवताना दादा मला म्हणाले, जरा पडतो, टेम्पो आला की उठव. आणि मंडपात, मारुतीसमोरच, उपरणं उशाला घेऊन आडवे झाले. मी बाहेर आलो. माझ्या मागच्या चाकातली हवा उताराला कमी झाली होती, ती भरत बसलो. बोरस्त्यांचा माणूस येऊन सांगून गेला, खोकी भरत आलीत, सायकलींना टपावर जागा ठेवलीय. माझ्या पायांना त्या दोन खोल्यांची ओढ लागली. आता सगळं जुळलं होतं. लक्ष्मण उठला होता, दादांचं मन शांत झालं होतं, सूर्य अजून वर होता.

आतून बोलणं ऐकू येत होतं. दादांना झोप लागली नव्हती. ठकूमाय भांडी आवरता आवरता त्यांना विचारत होती, की या वयात आता कुठं निघालास.

दादांनी संस्थानाबद्दल सांगितलं. खोल्या, जेवण, रोजचं एक कीर्तन.

"चांगलं हाये की मंग."

"चाळीस मिनिटांत सगळं उरकायचं, माय. तुम्ही आत्ता सांगितलंत तेवढंसुद्धा तिथं मावायचं नाही."

"मंग जातोस कशाला?"

मी पंपाचा दांडा वर खेचून तसाच धरला.

"धाकट्यासाठी," ते म्हणाले. "त्याची पाठ गेलीय. पेटी वाहून वाहून. मला सांगत नाही. सकाळी उठताना भिंतीला धरून उठतो आणि मी बघितलं की भिंतीवर पाल होती म्हणतो. मला काय, मी मरेपर्यंत फिरेन. पण त्याला कुठंतरी टेकवायला हवा ना."

ठकूमाय काही म्हणाली असेल, ते मला ऐकू आलं नाही. मी पंप खाली ठेवला. नंतर आतून बोलणं बंद झालं, आणि मग ती शिट्टी ऐकू आली, झोपेतली, सावकाश.

मी उन्हात तसाच बसून राहिलो. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी किती चढ चढले, आणि प्रत्येक चढावर तो माणूस इतिहास सांगायच्या निमित्तानं थांबत होता ते कुणासाठी, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. त्यांचा श्वास जात होता हे खोटं नव्हतं. पण मागं वळून ते आधी मलाच बघायचे.

टेम्पो आला. द्राक्षांच्या खोक्यांवर ताडपत्री आवळलेली, टपावर आमच्या सायकलींची जागा मोकळी. बोरस्ते पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला. मी धावत जाऊन त्याला हातानं थांबवलं.

"उठवा बुवांना," बोरस्ते म्हणाले. "उशीर होतोय."

मी देवळात डोकावलो. दादा कुशीवर वळलेले, गुडघे पोटाशी घेतलेले. ठकूमाय जवळ बसून पदरानं माशा वारत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. एका हाकेचं काम होतं. तेवढ्यानं आम्ही दोघेही जन्माचे छपराखाली आलो असतो, आणि दादांनी रोज संध्याकाळी लक्ष्मणाला पाडून लगेच उठवलं असतं, माझ्या पाठीसाठी.

मी परत टेम्पोपाशी आलो.

"बोरस्तेअण्णा, तुम्ही संस्थानावरूनच जाणार. निरोप द्याल का? बुवा येत नाहीत म्हणावं."

"आज येत नाहीत, का येतच नाहीत?"

"येतच नाहीत."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग ड्रायव्हरला चल म्हणाले. टेम्पो बागांमधल्या कच्च्या रस्त्यानं धुरळा उडवत गेला, आणि धुरळा मांडवांवर बसेपर्यंत मी तिथंच उभा होतो. वाईट वाटलं नाही म्हणालो तर खोटं होईल.

दादा उठले तेव्हा उन्हं उतरली होती. बराच वेळ ते आढ्याकडं बघत पडून राहिले. मग त्यांना कळलं, कुठं आहोत आणि किती वेळ झालाय ते.

"टेम्पो?"

"गेला."

मला वाटलं, आता विचारतील, का उठवलं नाहीस. दादांनी मान वळवली. मी दारात, चौकटीला टेकून बसलो होतो. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मोठा भाऊ बघतो तसं.

"तुझी पाठ?" त्यांनी विचारलं.

"आहे जागच्या जागी," मी म्हणालो.

दादांनी उपरणं पुन्हा नीट घडी करून डोक्याखाली घेतलं, कूस बदलली, आणि झोपले.